माझ्या पायांनी आले

वाक्य चार शब्दांचं होतं. "मी माझ्या पायांनी आले." मी ते दोन सेकंदांत दुसऱ्या भाषेत सांगितलं, चौकशी अधिकाऱ्याने ते टाइप केलं, आणि पुढचे तीन तास ते माझ्या घशाशी अडकून राहिलं.

मी दुभाषी आहे. परक्या देशात ज्यांना तिथली भाषा येत नाही त्यांचं बोलणं पोलिसांपर्यंत, वकिलांपर्यंत, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं आणि त्यांचं इकडे आणायचं, हे माझं अकरा वर्षांचं काम. आमच्या कामात समोरचा माणूस "मी" म्हणाला की आम्हीही "मी"च म्हणायचं असतं. "त्या म्हणतायत की त्यांना मारलं" असं नाही, "मला मारलं" असं. स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आलीच तर तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचं: "दुभाषीला शब्द ऐकू आला नाही." नवीन असताना हे विचित्र वाटतं, मग सवय होते. त्या दिवशी मात्र तो "मी" फार जड गेला.

जिच्याबद्दल लिहिते आहे ती ओळखू येईल असं यात काही ठेवलेलं नाही. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. तिचे शब्द मात्र बदललेले नाहीत, कारण सांगायचंय ते शब्दांबद्दलच.

एका मोठ्या धुलाई कारखान्यावर तपासणी झाली होती. हॉटेलांच्या, रुग्णालयांच्या चादरी तिथे येत. तपासणीत काही बायका सापडल्या, एकीजवळही कागदपत्रं नव्हती. ही त्यातली एक, वय सव्वीस. नऊ दिवस ती निवाऱ्यात होती. त्या नऊ दिवसांत तिची आधी वैद्यकीय तपासणी झाली, झोप झाली, आणि तिला वकील मिळाली. ही मुदत मिळावी म्हणून वकीलबाई भांडल्या होत्या. कारखान्यातून काढल्याबरोबर त्याच रात्री माणसाला जबाबाला बसवलं तर तो जे सांगतो ते सुटकेसाठी सांगतो. माणसांच्या व्यापाराविरुद्धच्या युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात सावरायला आणि विचार करायला किमान ३० दिवस द्यावेत असं लिहिलेलं आहे, ते उगाच नाही.

पण त्या रात्रीचा एक कागद फाइलमध्ये होताच. सकाळी वकीलबाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मला काम सोडायचं नाही." भाषांतर कुणी केलं होतं? तिथेच हजर असलेल्या एका माणसाने, त्याला दोन्ही भाषा येत होत्या म्हणून. तो मुकादमाचा मेहुणा निघाला. मला राग येतो तो इथे. दुभाषी कुठून आणला हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. ज्याच्या ताब्यातून बाईला सोडवायचं त्याच्याच माणसाच्या तोंडून तिचा जबाब घ्यायचा, आणि वर तिची सही घ्यायची! माझ्या अकरा वर्षांत हे मी एकदाच नाही, एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

आत गेले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारी निवाऱ्याची केसवर्कर. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूपेपरचं खोकं. मी नियमाप्रमाणे सांगितलं: मी दुभाषी, मी कुणाच्याही बाजूची नाही, इथे जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन, काही गाळणार नाही, काही घालणार नाही, बाहेर कुणाला बोलणार नाही. आमची आधीची ओळख नाही, नात्यातलं कुणी नाही, हेही तपासून झालं. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"ताई, तुम्ही कुठल्या?"

हा प्रश्नसुद्धा मला मोठ्याने भाषांतरित करावा लागला. खोलीतल्या सगळ्यांना तो कळला. उत्तर मी दिलं नाही. ओळखीचा धागा जुळला की ती माझ्याशी बोलायला लागेल, चौकशीशी नाही, आणि उद्या कोर्टात कुणी म्हणेल की दुभाषीनेच पढवलं. हे सगळं खरं आहे, नियम बरोबर आहे. तरी आठ महिन्यांनी मुकादमाच्या माणसांबाहेर स्वतःची भाषा ऐकलेल्या बाईला एवढंही न सांगणं मला जमत नाही. मी फक्त करते.

अधिकारी चांगला माणूस होता, हे सांगायला हवं. आवाज न चढवणारा, थांबून ऐकणारा. पण त्याच्याकडे प्रश्नांची छापील यादी होती आणि तिसरा प्रश्न होता, "तुम्ही या देशात स्वतःच्या मर्जीने आलात का?"

तिने एक टिश्यू ओढून घेतला होता. टोकाला टोक जुळवून त्याची घडी घालत होती. प्रश्न ऐकला आणि ताठ बसली.

"मी माझ्या पायांनी आले. कुणी आणलेलं नाही मला."

आणि मी काय केलं, तर "स्वखुशीने आले" असं सांगून मोकळी झाले. त्या भाषेत तेच सहज येतं. अधिकाऱ्याची बोटं चालली, पुढचा प्रश्न आला.

पासपोर्ट कुठे आहे?

"मॅडमकडे सांभाळायला आहे."

सांभाळायला. हा शब्दही मी जसाच्या तसा दिला, द्यायलाच हवा होता. ऐकणाऱ्याला वाटेल, तिजोरीत ठेव ठेवावी तसा ठेवलाय. ओळखपत्रं काढून घेणं ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तमजुरीच्या ज्या ११ खुणा सांगितल्या आहेत त्यातली एक आहे. तीच खूण आमच्या बोलण्यात इतक्या मऊ शब्दात गुंडाळून येते. पुढे अधिकाऱ्याने बरोबर विचारलं, "मागितलात तर मिळाला असता?" ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "मागायचा कशाला? फिटल्यावर मिळणारच होता."

काय फिटल्यावर, हे तेवढ्यात कुणी विचारलं नाही. वेळ झाली होती, सुट्टी जाहीर झाली.

सुट्टीत दुभाषीने तिच्याजवळ थांबायचं नसतं. मी जिन्याच्या टोकाला खिडकीशी उभी राहिले आणि वही उघडली. आमच्या वह्यांत वाक्यं नसतात, खुणा असतात: बाण, आद्याक्षरं, उभ्या रेघा. तिसऱ्या प्रश्नापुढे मी पायाचं एक छोटं चित्र काढलं होतं. हाताला कळलं होतं, तोंडाला नाही.

तिने "मर्जी" हा शब्द उच्चारलाच नव्हता. प्रश्न मर्जीचा होता, तिचं उत्तर पायांचं होतं. आणि दुसरं वाक्य, "कुणी आणलेलं नाही मला", ते तर मी पहिल्याच्या पोटात घालून टाकलं होतं.

आपल्या भाषेत बाईची बदनामी कशी होते ते बघा. ठेवलेली. टाकलेली. पळवलेली. विकलेली. आणलेली. सगळ्यांत क्रिया दुसऱ्या कुणाची तरी, बाई नुसती त्या क्रियेखाली सापडलेली. गावाकडे ही बातमी कुठल्या शब्दांत पोचणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आणलेली" व्हायचं नाही म्हणून तिने एकच कर्तरी क्रियापद पकडून ठेवलं होतं: आले. ती कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हती, अब्रू सांभाळत होती. आणि मी ते उत्तर अशा भाषेत नेऊन ठेवलं होतं जिथे त्याचा अर्थ एवढाच झाला की ही बाई पीडित नाही, कायदा मोडून आलेली आहे.

हा फरक केवढा मोठा आहे ते मराठीत सांगणंच अवघड, कारण आपण दोन्हींना "मानवी तस्करी" म्हणतो. वर्तमानपत्रातही तसंच छापतात. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कराराला दोन वेगळे पूरक करार जोडले, लोक त्यांना इटलीतल्या पालेर्मो शहराच्या नावाने ओळखतात. एक माणसांच्या व्यापाराबद्दल, दुसरा स्थलांतरितांच्या चोरट्या वाहतुकीबद्दल. चोरट्या वाहतुकीत पैसे घेऊन सीमा ओलांडून दिली जाते, आणि साधारणपणे पलीकडे पोचलं की व्यवहार संपतो. व्यापारात माणूस पोचल्यावरच खरा व्यवहार सुरू होतो. त्याला सीमा ओलांडावीच लागते असंही नाही, स्वतःच्या गावातसुद्धा तो होऊ शकतो. तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लपवून नेलेली वस्तू येते, सोनं, चंदन. म्हणून आपण नेण्याकडे बघत बसतो, नेल्यावर काय केलं तिकडे बघतच नाही.

तिच्या बाबतीत दोन्ही होतं. एका देशाचा पर्यटक व्हिसा, तिथून रात्री व्हॅनमध्ये बसून दुसऱ्या देशात. तिथपर्यंत चोरटी वाहतूक. त्याबद्दल स्थलांतरितावरच खटला भरू नये असं तो दुसरा करार पाचव्या कलमात सांगतो. आणि व्हॅनमधून उतरल्यावर मुकादम उभा होता.

दुपारी बसलो तेव्हा मी हात वर केला. "दुभाषीला एक दुरुस्ती नोंदवायची आहे."

असं करताना आजही छातीत धडधडतं. चूक कबूल करण्याची लाज नाही. भीती वेगळी असते. कमी बोलले तर चूक कागदावर राहते, जास्त बोलले तर मी दुभाषी न राहता साक्षीदार होते. "तिला असं म्हणायचं होतं" हे वाक्य मला बंद आहे. तिला काय म्हणायचं होतं ते तीच सांगू शकते. मी एवढंच म्हणाले: तिसऱ्या उत्तराचं भाषांतर "स्वखुशीने" असं दिलं गेलं, ते बरोबर नव्हतं. शब्दशः उत्तर असं आहे: मी माझ्या पायांनी आले, कुणी आणलेलं नाही मला. ही बोलण्यातली ठेवण आहे. उचलून, ओढून आणलं नाही असाही तिचा अर्थ होतो. संमतीबद्दल ती काही सांगतेच असं नाही.

हेच मी लगेच तिलाही आमच्या भाषेत सांगितलं, कारण खोलीत तिला न कळणारं काही बोललं जाता कामा नये. टिश्यूवरचा तिचा हात थांबला.

अधिकारी जरा वैतागला. "मग मर्जीने आल्या की नाही?"

"ते दुभाषी सांगू शकत नाही. त्यांना विचारता येईल."

वकीलबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की फसवणूक झाली असेल, धमकी असेल, किंवा असहाय परिस्थितीचा फायदा घेतला असेल, तर संमती होती की नव्हती याला माणसांच्या व्यापाराच्या व्याख्येत किंमतच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर फसवणूकसुद्धा दाखवावी लागत नाही. अधिकाऱ्याला हे माहीत होतं. माहीत असणं आणि यादीतल्या तिसऱ्या प्रश्नावर थांबणं यात अंतर असतं. तो थांबला. छापील कागद त्याने बाजूला ठेवला, हे मी त्याच्या नावावर कायम जमा धरीन. आणि विचारलं,

"निघताना तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मग ती बोलायला लागली. तोपर्यंत मी तिच्या तोंडून एका वेळी दोन वाक्यांहून जास्त ऐकलं नव्हतं. आता मला हात करून तिला थांबवावं लागत होतं. सांगितलं होतं ते असं: शिवणकाम, आठ तास, रविवारी सुट्टी. मिळालं ते असं: चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून, चौदा तास. तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा एक सरळ पट्टा होता, जुना, चकचकीत. "ओली चादर ओढली जाते ना, हात तिच्याबरोबर जातो." मी पहिल्या पुरुषात सांगत होते, माझा हात तिच्याबरोबर जातो, आणि माझ्या नकळत माझी बाही मी खाली ओढली.

"दाराला कुलूप होतं?"

"नाही."

"मग निघून का गेला नाहीत?"

हा प्रश्न विचारला जातोच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उचल होती."

इथे मी परत हात वर केला.

कर्ज म्हटलं तर ते चुकतं, आगाऊ रक्कम म्हटलं तर आणखी चुकतं. कर्ज पैशांनी फिटतं. उचल अंगमेहनतीने फेडायची असते, आणि ती किती फिटली हे ज्याने दिली तो सांगतो. कर्ज घेणाऱ्याच्या नावावर असतं, उचल घरावर असते. मी सांगितलं की या शब्दाला त्या भाषेत प्रतिशब्द नाही, तो मूळ रूपातच नोंदवावा आणि त्यांच्याकडूनच समजून घ्यावा. अधिकाऱ्याने अक्षरं विचारली. मी सांगितली. त्याने तसा शब्द लिहिला.

"उचल म्हणजे काय, तुम्ही सांगा."

तिने जे सांगितलं ते कुठल्याही अहवालापेक्षा स्वच्छ होतं. प्रवासाचा, व्हिसाचा, व्हॅनचा खर्च मुकादमाने केला. तो पगारातून कापायचा. पगार हातात आलाच नाही, वहीत आला. वही मुकादमाची. खोलीचं भाडं वहीत, पांघरूण वहीत, हातमोजे वहीत, ताप आला तो दिवस दंड म्हणून वहीत. आठव्या महिन्यात आकडा पहिल्या दिवसापेक्षा मोठा होता. आणि उचल तिच्या नावावर नव्हती, बापाच्या नावावर होती. मुकादमाचा माणूस दर महिन्याला घरी जाऊन बसायचा. मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. चहा पिऊन जायचा.

"मी गेले असते तर तो उठला नसता," ती म्हणाली.

हे वाक्य मी सांगितलं आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. दाराला कुलूप नव्हतं, कारण कुलूप दुसऱ्या देशात, तिच्या बापाच्या दारात लावलेलं होतं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजात २०२१ मध्ये कुठल्याही एका दिवशी २ कोटी ७६ लाख माणसं सक्तमजुरीत होती असं म्हटलंय. त्या आकड्याकडे बघताना साखळदंड शोधायची आपल्याला सवय आहे. मला आता वह्या दिसतात.

संध्याकाळी जबाब वाचून दाखवायचा होता. लिहिलेला जबाब त्यांच्या भाषेत. मी तो वाक्यावाक्याने आमच्या भाषेत सांगायचा, आणि तिने हो-नाही म्हणायचं. दीड तास लागला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, तापाचे दिवस दोन नव्हे, तीन. दुसरी मला अपेक्षित नव्हती. व्हॅनच्या ड्रायव्हरबद्दल जिथे होतं तिथे तिने थांबवलं. "त्याने मध्ये गाडी थांबवून पाणी दिलं होतं. ते घाला. खोटं नको."

ते घातलं. चोरटी वाहतूक करणारे भले असतात असं मला म्हणायचं नाही. २०१९ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समध्ये एका शीतपेटीच्या ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं गुदमरून मेलेली सापडली. २०१५ मध्ये ऑस्ट्रियात रस्त्याकडेच्या ट्रकमध्ये ७१. तिच्या व्हॅनला हवा होती, हे नशीब. पण कुणी नेलं आणि कुणी डांबलं हे तिच्या डोक्यात अगदी वेगवेगळं होतं. जे वेगळं करायला कराराला दोन कागद लागले ते तिने पाण्याच्या एका बाटलीने केलं.

मग प्रत्येक पानावर सही. शेवटच्या पानापूर्वी ती थांबली. टिश्यूंच्या घड्या समोर रचलेल्या होत्या, एकावर एक, कडा जुळवून, कारखान्यात रचतात तशा.

"ताई, उचल कुठे लिहिलंय?"

मी आधी प्रश्न सगळ्यांना सांगितला. अधिकाऱ्याने मान हलवली. मी पान उलटून दाखवलं. परक्या लिपीत, परक्या ओळीत तो एकच शब्द आमचा होता. तिने त्यावर बोट ठेवलं, अक्षरं मोजली असावीत.

"एवढासाच?"

हेही मी भाषांतरित केलं. कुणी उत्तर दिलं नाही. तिने सही केली.

मी वहीची पानं फाडून अधिकाऱ्यासमोर कागद कातरायच्या यंत्रात घातली, पायाचं चित्र असलेलं पानही. पुढे तिला संरक्षण मिळालं का, मुकादमाच्या त्या माणसाचं घरी येणं थांबलं का, हे आम्हाला कुणी कळवत नाही. ती केसवर्करबरोबर मागच्या दाराने गेली. ती गाडीत बसेपर्यंत मी आतच थांबले, कारण दुभाषीने त्याच वेळी त्याच दाराने बाहेर पडायचं नसतं.